चिडीचूप बाईंचा आवाज

शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा ओलांडली की लायब्ररी लागायची. मधली भिंत पाडून दोन वर्गांची केलेली एक लांबट खोली. खिडक्या पाच, लोखंडी कपाटं बावीस, पुस्तकं नऊ हजारांच्या वर आणि बाई एक.

त्या बाईंना मुलं चिडीचूप बाई म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात. पण बाईंना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडं आवडायचंही. सत्तावीस वर्षांत त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. बाईंनी नुसती मान वर केली, की खुर्ची सरकवणारं मूल ती उचलून ठेवायचं. स्वतः बाईही कमीच बोलायच्या. मुलानं पुस्तक समोर ठेवायचं, बाईंनी कार्डावर तारखेचा शिक्का मारायचा, संपलं. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात कितव्या खणात आहे हे त्या डोळे मिटून सांगू शकत, पण त्यांचा आवाज कसा आहे असं कुणी विचारलं असतं, तर अर्ध्या शाळेला सांगता आलं नसतं.

आणि नियम म्हणजे नियम. आठवड्याला एक पुस्तक. भूगोलाचे सर म्हणायचे, "या बाईंकडून दुसरं पुस्तक काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं." सरांना बोलायला फार आवडायचं आणि त्यांचा आवाज खालच्या मजल्यावरून लायब्ररीत यायचा, त्यामुळे दोघांचं फारसं जमायचं नाही.

साथीची बातमी आली तो गुरुवार होता. मधल्या सुट्टीनंतर सूचना फिरली, उद्यापासून पंधरा दिवस शाळा बंद. मुलं धावत लायब्ररीत आली. बाईंनी नियमावली काढली नाही, ती त्यांना पाठच होती. शाळा बंद म्हणजे देवघेव बंद. त्या कपाटांना कुलपं लावत होत्या तेव्हा सहावीतली एक मुलगी दाराशी उभी राहिली. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली, म्हणून वर्गात तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे. तिच्या हातात एका समुद्रसफरीच्या कादंबरीचा पहिला भाग होता.

"बाई, दुसरा भाग द्याल का? जहाज बर्फात अडकलंय."

"पंधरा दिवसांनी सुटेल," बाई म्हणाल्या. "शाळा उघडली की ये."

मुलीनं पहिला भाग टेबलावर ठेवला आणि ती गेली. बाईंनी शिक्का मारला.

पंधरा दिवसांचे दीड महिने झाले. रस्ते ओस पडले. बाईंचे यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते, त्यांना सुट्टी नव्हती. पाणी तर सगळ्यांना लागणारच. घरी बाई आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईंचं वय ऐंशी, कान अधू, जीभ मात्र शाबूत. दिवसभर सुनेला घरात बसलेलं पाहून त्या म्हणाल्या, "तुझं ते पुस्तकांचं गोदाम कधी उघडणार गं?"

"गोदाम नाही हो आई, लायब्ररी."

"तेच ते. बंद असलं की गोदामच."

बाईंना ते फार लागलं. 

मग शिकवणं ऑनलाइन सुरू झालं. मुख्याध्यापिकांचा, म्हणजे मोठ्या बाईंचा फोन आला. "बाई, वेळापत्रकात वाचनाचा तास काही बसत नाही. तुम्ही रोजची हजेरी बघा. कोण आलं, कोण नाही, याद्या करून पाठवा."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर वाट्याला काय आलं, तर फोनच्या पडद्यावरच्या चौकटी मोजणं. बाईंनी निमूट वही घेतली. चार दिवस मोजलं. पाचव्या दिवशी त्यांचा हात थांबला. सहावीच्या शेहेचाळीस मुलांपैकी सतरा जण एकदाही आले नव्हते. ती नावं वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांपुढे त्या मुलांची कार्डं आली, पुढून मागून शिक्क्यांनी भरलेली. घरी पुस्तक नाही, बसायला कोपरा नाही, म्हणून जी मुलं शाळा सुटल्यावरही लायब्ररीत रेंगाळायची, नेमकी तीच गायब होती.

बाईंनी एकेक घर फोनवर गाठायला सुरुवात केली. कुठे तीन भावंडांत एक फोन. कुठे साधा बटणांचा फोन, त्यात चित्र दिसण्याचा प्रश्नच नाही. कुठे महिन्याच्या दहा तारखेलाच इंटरनेट संपायचं. चष्मेवालीचे वडील एका कचेरीच्या इमारतीवर पहारेकरी होते. घरातला एकुलता एक फोन त्यांच्याबरोबर जायचा आणि संध्याकाळी सातला परत यायचा. बाईंनी सव्वासातला फोन केला. आईनं तो मुलीच्या हातात दिला.

"कशी आहेस?"

 मुलीनं विचारलं, "बाई, जहाज सुटलं का?"

 बाईंनी दुसरा भाग वाचलेला होता. जहाजाचं पुढे काय होतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते पुस्तक चौदाव्या कपाटात, वरून तिसऱ्या खणात, त्यांनीच लावलेल्या कुलपाआड होतं. शाळेपासून बाईंचं घर चालत वीस मिनिटांवर. शाळा उघडली की ये, असं म्हणताना त्यांना काय अडलं होतं? एक पुस्तक हातावर ठेवलं असतं तर कुठला डोंगर कोसळणार होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोठ्या बाईंना फोन लावला.

"मला लायब्ररीची किल्ली हवी आहे."

"आणि पुस्तकांतून साथ पसरली तर?"

"परत आलेली पुस्तकं तीन दिवस बाजूला ठेवा असं सांगताहेत. मी चार दिवस ठेवीन."

"बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे शाळेत पहिलीच्या मुलालाही माहीत होतं. पण बाई फोन ठेवेनात, तेव्हा त्या पुढे म्हणाल्या, "बरं, शनिवारी अर्धा तास ऑनलाइन घ्या. मुलांना काहीतरी वाचून दाखवा."

शनिवारी बाईंनी फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला, घरातलं एक गोष्टींचं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागल्या. पडद्यावर पस्तीस मुलं होती. ती हात हलवत होती, कानांकडे बोट दाखवत होती, दोघं-तिघं तर हसून खाली वाकली होती. बाईंना वाटलं, गोष्ट रंगलीय. वीस मिनिटांनी, त्या तासाला जोडलेल्या भूगोलाच्या सरांचा नवऱ्याच्या फोनवर फोन आला. "अहो, तुमच्या बाईंना म्हणावं, माईक बंद आहे. मुलं मघापासून मूकनाट्य बघताहेत."

बाईंचा चेहरा पडला. सत्तावीस वर्षं मुलांना गप्प केलं आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा आपणच चिडीचूप. त्यांनी पुस्तक मिटलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मला नाही जमायचं हे. त्या हजेरीच्या याद्याच बऱ्या."

 उत्तर दिलं ते सासूबाईंनी. पलंगावर बसून त्यांनी सगळा प्रकार पाहिला होता. "काय गं, मला तरी कुठे ऐकू येतं? तरी तू मला सांगतेसच ना सगळं?"

"तुम्हाला जवळ बसून सांगते, आई."

"मग तसंच सांग की. एकेकाला, जवळ बसून, सावकाश. त्या काचेत पन्नास जणांना एकदम कशाला कोंडतेस?"

सासूबाईंना ऑनलाइनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मर्म त्यांनी बरोबर पकडलं होतं. बाई तिथल्या तिथे सावरून बसल्या. त्या सतरा मुलांकडे इंटरनेट नव्हतं, पण फोन तर होता. साधा का असेना, संध्याकाळपुरता का असेना. गोष्ट ऐकायला पडदा लागतोच कुठे?

त्याच दुपारी त्यांनी सतरा घरी निरोप दिला. संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात बाईंच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. बाई उलट फोन करतील आणि गोष्ट वाचतील. एका वेळी पाच जण जोडता येतात, तेव्हा पाच-पाचांचे गट.

वाचायचं काय, हा प्रश्न होता. घरी बाईंच्या मालकीची वीसेक पुस्तकं, त्यांत मुलांसाठी बरी अशी दोन. दुसऱ्याचं पुस्तक असं रोज वाचून दाखवायचं तर विचारायला हवं, हा त्यांच्या रक्तातला नियम. त्यांनी पुस्तकावर छापलेला प्रकाशकाचा नंबर फिरवला. खुद्द प्रकाशकांनीच फोन उचलला, थकलेल्या आवाजाचे गृहस्थ. सगळं ऐकून म्हणाले, "दुकान बंद, छापखाना बंद. निदान कुणीतरी वाचतंय म्हणायचं. वाचा बाई. फक्त पुस्तकाचं आणि लेखिकेचं नाव रोज सुरुवातीला सांगा."

रंगीत तालीम सासूबाईंवर झाली. बाई घराच्या एका टोकाला, सासूबाई दुसऱ्या टोकाला, मध्ये बंद दार. दारातून शब्द न् शब्द ऐकू आला तरच पास. पहिल्या तीन वेळा सासूबाईंनी नापास केलं. "पुटपुटतेस काय? राक्षस आहे ना तो? मग राक्षसासारखा बोलू दे त्याला." चौथ्या वेळी बाईंनी असा काही राक्षस काढला की शेजारच्यांनी काळजीनं बेल वाजवली.

पहिल्या संध्याकाळी तीन मिस्ड कॉल आले. दुसऱ्या दिवशी नऊ. आठवडा संपेपर्यंत सतराच्या सतरा. त्यांची भावंडं, आया, एका घरी तर आजोबाही फोन स्पीकरवर टाकून ऐकू लागले. ते आजोबा मध्येच म्हणायचे, "बाई, जरा मागचं वाक्य पुन्हा घ्या, चहा उकळत होता." मुलांना सगळ्यात नवल वाटलं ते बाईंच्या आवाजाचं. हा आवाज इतकी वर्षं कुठे दडवून ठेवला होता, असं एकीनं विचारलंसुद्धा. बाई हसल्या. त्यांनाही ते नीटसं सांगता आलं नसतं.

गोष्ट संपली की बाई हळूच त्या दिवसाचा अभ्यास सांगायच्या. गणिताची पाच उदाहरणं, एक निबंध, काय असेल ते. मुलं वहीत उतरवून घ्यायची.

एक प्रकरण रोज चारदा वाचून बाईंचा घसा बसला. नवरा पंपावरून आला की आधी गरम पाण्याचा पेला त्यांच्या पुढ्यात ठेवायचा. एका संध्याकाळी घशातून नुसती हवाच यायला लागली. तेव्हा त्यांनी मनाचा हिय्या केला आणि भूगोलाच्या सरांना फोन लावला. "सर, तुमचा आवाज हवाय," त्या घोगऱ्या स्वरात म्हणाल्या. सर आधी गोंधळले, मग खूश झाले. "इतकी वर्षं तुम्ही तो बंद करायला सांगत होतात," ते म्हणाले. त्या दिवसापासून दोन गट त्यांच्याकडे गेले. सर इतके रंगून वाचायचे की त्यांच्या घरचे जेवायला खोळंबायचे.

महिन्याभरानं मोठ्या बाईंचा फोन आला. "गणिताच्या बाई सांगत होत्या, त्या सतरा मुलांच्या वह्यांचे फोटो यायला लागलेत. कुणाच्या शेजाऱ्याच्या फोनवरून, कुणाच्या मामाच्या. हे कसं काय झालं?"

बाईंनी सांगितलं. 

"सोमवार आणि गुरुवार, दोन-दोन तास," मोठ्या बाई म्हणाल्या. "शिपाईमामा दार उघडून देतील. मास्क लावा."

'बघू' न म्हणता त्यांनी दिलेली ती बहुधा पहिलीच परवानगी.

लायब्ररीचं कुलूप उघडलं तेव्हा टेबलावर बोट फिरवलं तर रेघ उमटेल इतकी धूळ होती. बाईंनी आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि फडकंही हातात न घेता थेट चौदाव्या कपाटाकडे गेल्या. वरून तिसरा खण. दुसरा भाग तिथेच होता. तो घेऊन त्या चालत पहारेकऱ्याच्या इमारतीपाशी गेल्या. चष्मेवालीचे वडील चौकीत बसले होते. बाईंनी पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि चार पावलं मागे सरल्या.

"मुलीला द्या. पंधरा दिवस म्हणाले होते, तीन महिने लागले. माझ्या वतीनं माफी मागा तिची."

पहारेकरी संकोचून म्हणाले, "अहो बाई, तुम्ही कशाला मागायची माफी?"

"मागायलाच हवी," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

दोन दिवसांनी त्या नंबरावरून मिस्ड कॉल आला. मुलीची तक्रार होती. "बाई, बाबा चौकीत वाचतात आणि घरी आल्यावर मला पुढचं सांगून टाकतात."

बाईंनी वडिलांच्या नावानंही एक कार्ड काढलं. पुढच्या वेळी त्या घरी दोन पुस्तकं गेली.

मग कामानं असा वेग घेतला की विचारू नका. सासूबाईंनी शिवणयंत्र बाहेर काढलं आणि जुन्या चादरींच्या पिशव्या शिवायला घेतल्या. कान अधू होते, नजर नाही. एका महिन्यात दोनशे पिशव्या झाल्या. प्रत्येक मुलाची एक पिशवी, पिशवीवर कार्डाचा नंबर, आत तीन पुस्तकं. होय, तीन. तो जुना नियम बाईंनी स्वतःच्या हातानं खोडला. शिपाईमामा फाटकाशी टेबल टाकून बसत. आई-वडील येता-जाता पिशवी नेत. परत आलेल्या पिशव्या चार दिवस वऱ्हांड्यात वेगळ्या बाकांवर विसावत. शिपाईमामा त्याला पुस्तकांची सुट्टी म्हणायचे.

ज्यांच्याकडे इंटरनेट होतं त्यांचा शनिवारचा तासही चालू होताच. बाई माईक सुरू करायला शिकल्या होत्या. त्यांनी तिथे एक नवीन विषय काढला. त्या दिवसांत फोनवर काय वाटेल ते फिरत होतं. अमुक काढा प्या, तमुक खाऊ नका, उद्यापासून हवा बंद. बाईंनी मुलांना तीन प्रश्न दिले. कोणी सांगितलं? कधी सांगितलं? कशावरून सांगितलं? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत एकही निरोप पुढे ढकलायचा नाही. संध्याकाळच्या फोनवाल्या मुलांनाही त्यांनी तेच शिकवलं. चांगलं पुस्तक आणि वाईट पुस्तक ओळखायलाही बाई हेच तीन प्रश्न वापरत आल्या होत्या, फक्त आजवर कुणाला सांगितले नव्हते.

आणि एका शुक्रवारी सकाळी तो संदेश आला. एका शाळेच्या लायब्ररीतल्या पुस्तकांमुळे काल अठरा मुलं आजारी, सगळ्यांना दवाखान्यात ठेवलंय. सोबत खाटांवर झोपलेल्या मुलांचा फोटो आणि शेजारच्या शहरातल्या एका दवाखान्याचं नाव. पालकसभेचे अध्यक्ष, म्हणजे मोठ्या रस्त्यावरच्या कापडदुकानाचे मालक, यांनी तो पालकांच्या गटात टाकला आणि खाली लिहिलं, 'आपल्या शाळेनं ताबडतोब थांबवावं.' दुपारपर्यंत साठ पिशव्या फाटकावर येऊन पडल्या. एकीनं तर काठीला अडकवून आणली.

संध्याकाळच्या आत मोठ्या बाईंचा फोन आला. "रविवारी अकराला पालकांची ऑनलाइन सभा ठेवलीय. मला बंद करावं लागेल, बाई. माझा नाइलाज आहे."

"रविवारपर्यंत थांबाल?"

"थांबते. पण तुम्ही काय बोलणार?"

"मी काहीच बोलणार नाही," बाई म्हणाल्या.

त्या मनातून हादरल्या होत्या. खरंच अठरा मुलं आजारी असतील तर? आपल्या हट्टापायी कुणाच्या लेकराला काही झालं तर? ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नाही. पण त्यांना एवढं कळत होतं, की आपण कितीही ओरडून सांगितलं तरी लोक म्हणणार, बाई स्वतःची बाजू सावरताहेत. संध्याकाळी त्यांनी प्रत्येक गटाला, आणि दुसऱ्या दिवशी शनिवारच्या तासालाही, तो संदेश वाचून दाखवला आणि एवढंच सांगितलं. "हा संदेश खरा आहे की खोटा, मला माहीत नाही. तीन प्रश्न तुम्हाला येतात. शोधा, आणि खरा निघाला तरी तसंच सांगा."

रविवारी सभेला दीडशेच्या वर लोक होते. अध्यक्षांनी संदेश वाचून दाखवला. मोठ्या बाई म्हणाल्या, "निर्णयाआधी आपली मुलं काही सांगणार आहेत."

आधी आठवीतली दोघं जुळी भावंडं आली. त्यांनी फोटो इंटरनेटवर शोधला होता. तो सहा वर्षांपूर्वीचा निघाला, दूरच्या एका देशातला. सहलीत शिळं खाऊन आजारी पडलेली मुलं होती ती. मग सातवीतल्या एकीनं दाखवलं, की शब्द न् शब्द हाच संदेश महिन्याभरापूर्वी दुसऱ्या एका गावात फिरला होता, आणि तेव्हाही त्यात 'काल' असंच लिहिलं होतं.

"त्यानं काय होतं?" अध्यक्ष म्हणाले. "फोटो जुना असेल. पण दवाखान्याचं नाव तर दिलंय ना?"

"त्या दवाखान्यात मी फोन केला होता," एक बारीक आवाज आला. चौकट काळी होती. रविवारी वडील घरी होते, त्यांच्या साध्या फोनवरून चष्मेवाली सभेत जोडली गेली होती. "तीन वेळा केला. दोनदा त्यांनी ठेवून दिला. तिसऱ्यांदा एका नर्सताईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे एकही मूल भरती नाही."

"त्यांना ठाऊक नसेल," अध्यक्ष म्हणाले.

"ठाऊक आहे. तो डोळ्यांचा दवाखाना आहे."

 कुणीतरी फुस्सकन हसलं.

अध्यक्ष खाकरले. "मला माझ्या मेहुण्यानं पाठवला होता."

"आणि त्यांना कोणी पाठवला?" मुलीनं विचारलं. तिच्या आवाजात खोचकपणा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती, तिचा पहिला प्रश्न अजून सुटला नव्हता.

दीडशे चौकटींत हशा उसळला. आणि सांगायला हवं, अध्यक्षही हसले. माणूस दिलदार होता. "हरलो बुवा," ते म्हणाले. "माझ्या मुलीची पिशवी उद्या परत द्या. तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरलाय. आणि पिशव्यांना कापड लागलं तर दुकानात ताग्यांचे तागे पडून आहेत, कुणालातरी पाठवा."

बाईंनी ठरवल्याप्रमाणे तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. सभा संपली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण मघापासून डब्याचं झाकण हातात घट्ट धरून बसलो आहोत आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं? बंद केलं?"

"नाही आई," बाई दारापलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "जिंकली मुलं."

सोमवारी साठच्या साठ पिशव्या परत गेल्या आणि नवीन चाळीस जणांनी नावं दिली. वर्षअखेर ती सतरा मुलं परीक्षेला बसली आणि सगळीच्या सगळी सातवीत गेली. मोठ्या बाईंनी नव्या वेळापत्रकात वाचनाचा तास सगळ्यात आधी बसवला आणि बाकीचे विषय उरलेल्या जागी. शाळा प्रत्यक्ष उघडली त्या सकाळी प्रयोगशाळेपासून जिन्यापर्यंत रांग लागली होती. मुलं बडबडत होती, कोण कोणतं पुस्तक आधी नेणार यावरून भांडत होती. बाईंनी मान वर करून पाहिलं आणि त्यांना बडबडू दिलं.

त्यानंतर महिन्याभरात बाईंना शिक्षण खात्याचा एक निरोप आला. आजूबाजूच्या साठ शाळांच्या ग्रंथपालांना या कामाची माहिती द्यायची होती, आणि ती द्यायला त्यांनाच बोलावलं होतं. बाई गेल्या. सभागृहात माणसं एकेक खुर्ची सोडून बसली होती. बहुतेकांचे चेहरे बाईंना ओळखीचे वाटले, म्हणजे आपल्यासारखेच. कमी बोलणारे, मागच्या रांगेत बसायला आवडणारे. ओळख करून देणाऱ्यांनी पुढे माईक सरकवला, पण बाईंनी तो बाजूला ठेवला. त्यांचा आवाज आता त्याच्याशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत जात होता.

त्या सुरुवात करणार, तेवढ्यात मागून एका मध्यमवयीन बाईंनी भीत भीत हात वर केला. "आधीच सांगते, आमची शाळा लहान आहे. संगणक नाही, इंटरनेट तर नाहीच. माझा इथे काही उपयोग होईल असं वाटत नाही."

"फोन आहे?"

"आहे. साधा, बटणांचा."

"आणि तुमच्याकडची कोणती मुलं शाळा सुटल्यावर लायब्ररीत रेंगाळतात, ते आठवतंय?"

त्या बाईंनी थोडा विचार केला. मग एकेक नाव घेत बोटांवर मोजायला लागल्या. एका हाताची बोटं संपली, त्यांनी दुसरा हात वर घेतला.

"पुष्कळ झालं," बाई म्हणाल्या. "वही काढा."